नष्ट झाले की नष्ट केले?

इंग्रजीतले काही शब्द आपल्या मुलांना पाचवी-सहावीतच भेटतात आणि मग जन्मभर कोठे ना कोठे भेटत राहतात. ‘डिस्ट्रॉय’ हे क्रियापद त्यांपैकीच एक. शब्दार्थाच्या वहीत मुले त्याच्यापुढे ‘नष्ट करणे’ असे लिहितात, पाठ करतात आणि परीक्षेत एक गुण मिळवतात. पण हाच शब्द पुढे विम्याच्या कागदावर, नुकसानभरपाईच्या निकषांत, कार्यालयाच्या उत्तरात आणि कायद्याच्या कलमात समोर येतो. तेथे प्रश्न एका गुणाचा राहत नाही. घराची भरपाई, मुलीचा जातीचा दाखला आणि कधी गुन्हेगाराची शिक्षाही त्यावर अवलंबून असते. म्हणून हा एक शब्द कुटुंबातल्या सर्वांनी मिळून नीट समजून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

शब्दाचे मूळ

हा शब्द लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘स्ट्रुएरे’ म्हणजे रचणे, बांधणे. त्याला ‘डी’ हा उपसर्ग लागला की अर्थ उलटतो : रचलेले मोडणे, बांधलेले पाडणे. याच मूळ धातूपासून ‘स्ट्रक्चर’ आला, ‘कन्स्ट्रक्शन’ आला, शिकवणे या अर्थाचा ‘इन्स्ट्रक्शन’ही आला. ‘कन्स्ट्रक्शन’ हा शब्द तर नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या बिगाऱ्यालाही पाठ असतो. डिस्ट्रक्शन हे त्याचेच सख्खे भावंड आहे. म्हणजे या शब्दाच्या पोटातच एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जे डिस्ट्रॉय होते, ते आधी कोणीतरी कष्टाने उभे केलेले असते.

गंमत अशी, की ‘डिस्ट्रॉयर’ नावाची वस्तूसुद्धा बांधावीच लागते. नौदलाच्या एका प्रकारच्या लढाऊ जहाजाला डिस्ट्रॉयर म्हणतात. १८९० नंतरच्या दशकात टॉर्पेडो सोडणाऱ्या लहान बोटींचा नाश करण्यासाठी अशी जहाजे तयार होऊ लागली, त्यावरून हे नाव पडले. आपल्या नौदलाच्या ‘मुंबई’, ‘मुरगाव’, ‘सुरत’ या विनाशिका मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. म्हणजे नाव नाश करणाऱ्याचे, पण ते जहाज पत्रा न् पत्रा जोडून उभे केले आमच्याच वेल्डर-फिटर बांधवांनी.

मुलांसाठी व्याकरणाची एक खूण येथेच सांगतो. ‘क्राय’ या क्रियापदाचा भूतकाळ करताना शेवटच्या ‘वाय’चा ‘आय’ होतो. ‘डिस्ट्रॉय’मध्ये तसे होत नाही, कारण ‘वाय’च्या आधी ‘ओ’ हा स्वर आहे. तेथे ‘ईडी’ सरळ लागते. ‘प्ले’ आणि ‘एन्जॉय’ यांचेही असेच. नाम होताना मात्र ‘डिस्ट्रॉय’चा ‘डिस्ट्रक्शन’ होतो आणि विशेषण ‘डिस्ट्रक्टिव्ह’. या दोन ठिकाणी बरीच मुले अडखळतात.

एक शब्द, अनेक मापे

आपल्या मराठीत या एका शब्दासाठी किती तरी शब्द आहेत. घर जमीनदोस्त होते, पीक हातचे जाते, संसार उद्ध्वस्त होतो, कागद नष्ट होतो, गाव बेचिराख होते. ‘बेचिराख’ हा मूळ फारसी शब्द. ज्या गावात दिवा लावायला माणूस उरला नाही ते गाव. आपण दूध ‘नासले’ म्हणतो. त्यातही नाशच आहे, पण इंग्रजीत दुधाला कोणी डिस्ट्रॉय म्हणणार नाही. तेथे ‘स्पॉइल’ हा शब्द येतो. उलट जखमी घोडा किंवा पिसाळलेला कुत्रा वेदनेतून सोडवण्यासाठी मारावा लागला, तर इंग्रज माणूस त्याला ‘डिस्ट्रॉय’ केले असे म्हणतो. खेळाच्या पानावर एका संघाने दुसऱ्याला ‘डिस्ट्रॉय’ केले असे छापून येते, तेव्हा कोणी मेलेले नसते. फक्त मोठा पराभव झालेला असतो. दारूने माणसाचे आयुष्य डिस्ट्रॉय केले, खोट्या आळाने एखादीची अब्रू डिस्ट्रॉय केली, असेही इंग्रजीत म्हणतात आणि ते आपल्यालाही लगेच कळते.

पण व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा फरक आहे ‘डॅमेज’ आणि ‘डिस्ट्रॉय’ यांचा. डॅमेज म्हणजे मोडतोड, पडझड. दुरुस्ती होऊ शकते. डिस्ट्रॉय म्हणजे दुरुस्त करण्यासारखे काही उरले नाही. पावसाने कौले उडाली तर घर डॅमेज झाले. भिंतींसह खाली आले तर डिस्ट्रॉय झाले.

हा फरक पैशांत मोजता येतो. नैसर्गिक आपत्तीत मदत देण्यासाठी केंद्र सरकारने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी जे निकष ठरवले, त्यांत सपाट भागातील पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी १,२०,००० रुपये होते. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला, पडझड किमान १५ टक्के असेल तर, ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. म्हणजे पक्क्या घराच्या बाबतीत दोन शब्दांमधले अंतर १,१३,५०० रुपयांचे झाले. घर अधिकृत असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखलाही त्यासाठी लागत होता. आणि झोपडी? तिच्यासाठी या निकषांत ‘डॅमेज’ आणि ‘डिस्ट्रॉय’ हे दोन्ही शब्द एकाच ओळीत, मध्ये तिरपी रेघ मारून लिहिलेले होते. रक्कम एकच, ८,००० रुपये. झोपडी मोडली काय आणि वाहून गेली काय, तिला दोन वेगळे शब्द मिळाले नाहीत.

म्हणून पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी ‘अंशतः’ लिहिले आहे की ‘पूर्णतः’, हे वाचून पाहावे. स्वतःला वाचता येत नसेल तर शिकणाऱ्या मुलाला पुढे करावे. त्या दिवशी शाळा बुडाली तरी चालेल.

करणारा कोठे आहे?

आता या शब्दाची दुसरी बाजू. इंग्रजीत कर्मणी प्रयोग फार चालतो. ‘द रेकॉर्ड्स वेअर डिस्ट्रॉइड’, म्हणजे कागदपत्रे नष्ट करण्यात आली. वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे. पण कोणी केली, हे त्यात नाही. मराठीतही आपण ‘झाले’ म्हणून मोकळे होतो. वस्ती उद्ध्वस्त झाली, गिरणी बंद झाली, फाईल गहाळ झाली. जणू सगळे आपोआप झाले.

एक जगजाहीर उदाहरण घ्या. अफगाणिस्तानातील बामियान येथे डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती होत्या, एक सुमारे ५५ मीटर आणि दुसरी सुमारे ३८ मीटर उंच. मार्च २००१ मध्ये त्या ‘वेअर डिस्ट्रॉइड’, एवढे म्हटले तर ऐकणाऱ्याला भूकंप झाला असावा असेही वाटेल. ‘तालिबानने आपल्या प्रमुखाच्या हुकुमावरून स्फोटके लावून त्या डिस्ट्रॉय केल्या’ असे म्हटले की वाक्य खरे होते. मूर्ती गेल्या, त्यांच्या रिकाम्या देवळ्या डोंगरात तशाच आहेत, आणि २००३ साली युनेस्कोने त्या खोऱ्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ज्याने नाश केला त्याचे नाव इतिहासात लिहिले गेले, कारण लोकांनी वाक्यातला कर्ता सोडला नाही.

अर्थशास्त्रातही हा शब्द आहे. जोसेफ शुंपेटर या अर्थतज्ज्ञाने १९४२ च्या आपल्या ग्रंथात ‘क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन’ ही कल्पना मांडली. नवे यंत्र, नवी पद्धत, नवा माल येतो आणि जुने धंदे मोडून पडतात. भांडवलशाही याच रीतीने पुढे सरकते, असा तिचा थोडक्यात अर्थ. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ते वाचायला बरे वाटते. पण १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही, ही गोष्ट ज्यांच्या घरात घडली ते वेगळा प्रश्न विचारतात. त्याच जमिनींवर पुढे मॉल आणि टॉवर उभे राहिले. यात क्रिएशन कोणाच्या वाट्याला आले आणि डिस्ट्रक्शन कोणाच्या? ज्या वाक्यात कर्ता नसतो, त्यात बहुधा सोसणाराही नसतो.

कार्यालयातील ‘डिस्ट्रॉय’

आम्ही कारकुनीत आयुष्य काढले. कार्यालयात कागद नष्ट करणे हा गुन्हा नव्हे, ते नेमून दिलेले काम आहे. इंग्रजीत त्याला ‘वीडिंग आउट’ म्हणतात आणि आपल्या शासकीय मराठीत ‘निंदणीकरण’. शेतातली निंदणी जशी, तशीच ही. कागदांचे वर्ग पाडलेले असतात. काही कायम जपायचे, काही तीस वर्षे, काही थोडी वर्षे. मुदत संपली की यादी करून, मंजुरी घेऊन ते नष्ट करायचे.

पण निंदणी करताना तणाऐवजी पीक उपटले गेले तर? त्यासाठीच कायदा आहे. केंद्र सरकारच्या कागदपत्रांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. ठरलेल्या रीतीखेरीज अभिलेख नष्ट करणाऱ्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. १८९२ पूर्वीचा कागद तर, तो वापरण्यापलीकडे खराब झाल्याचे अधिकाऱ्यांचे मत झाल्याशिवाय, नष्टच करता येत नाही. महाराष्ट्राचाही २००५ चा स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही हा शब्द आहे. मागितलेली माहिती कोणी नष्ट केली, तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

हे सारे आम्ही का सांगतो? कारण आपल्या मुलांचे पुढचे शिक्षण जुन्या कागदांना बांधलेले आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख मानतात. १९५६ च्या धर्मांतरापूर्वी शाळेत गेलेल्या आजोबांच्या नावापुढे जनरल रजिस्टरमध्ये काय लिहिले आहे, यावर आज नातीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अडतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी शोधाव्या लागतात. अशा वेळी ‘रेकॉर्ड नष्ट झाले आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले की साधी माणसे हात जोडून परत फिरतात.

परत फिरू नका. लेखी विचारा. रेकॉर्ड नष्ट ‘झाले’ की नष्ट ‘केले’? झाले असेल तर कशाने, आगीने, पुराने की वाळवीने, आणि त्याचा पंचनामा कोठे आहे? केले असेल तर कोणाच्या मंजुरीने, कोणत्या तारखेला, आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी कोठे आहे? शाळेचे जनरल रजिस्टर हे कायम जपण्याच्या कागदांत मोडते, हेही नम्रपणे लक्षात आणून द्या. हे प्रश्न लेखी गेले की उत्तर देणाऱ्याला दप्तर एकदा तरी उघडून पाहावे लागते.

कायद्यातील तीन पायऱ्या

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यातील कलम ३(१)(टी) मध्ये, अनुसूचित जाती-जमातींचे लोक जी वस्तू पवित्र किंवा अत्यंत आदराची मानतात, तिच्याबद्दल तीन क्रियापदे वापरली आहेत : डिस्ट्रॉय, डॅमेज आणि डिफाइल. पुतळा फोडला तर तो डिस्ट्रॉय. हात तोडला किंवा चष्मा काढला तर डॅमेज. चिखल, शेण फासले, पण दगड शाबूत आहे, तर डिफाइल, म्हणजे विटाळणे. तिन्ही शब्दांमध्ये ‘किंवा’ आहे. म्हणून ‘पुतळ्याला तर काहीच झाले नाही, धुऊन टाका’ असे कोणी सांगू लागला, तर त्याला कलमातला तिसरा शब्द दाखवावा.

त्याच कायद्यात उभ्या पिकाचा नाश करणे हा वेगळा गुन्हा सांगितला आहे. राहते घर किंवा प्रार्थनास्थळ आग लावून नष्ट करण्यासाठी जन्मठेपेची शिक्षा आहे. फिर्याद देताना ‘नुकसान झाले’ एवढ्यावर थांबू नये. काय होते, त्यातले किती उरले आणि कोणी केले, हे तिन्ही सांगावे.

‘डिमॉलिश’ हा शब्दही येथेच समजून घेऊ. तो इमारतींसाठी वापरतात आणि त्यामागे बहुधा हुकूम असतो. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी असा निकाल दिला, की आधी कारणे दाखवा नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत दिल्याशिवाय बांधकाम पाडता येणार नाही. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामे आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी पाडापाडी यांना मात्र हा निकाल लागू नाही. नोटीस हाती आली की आधी तिच्यावरची तारीख पाहावी.

मोडणे, रद्द करणे आणि शून्य करणे

शेवटी या शब्दाची दोन थोर भावंडे, ‘ॲबॉलिश’ आणि ‘ॲनाइहिलेट’. ॲबॉलिश म्हणजे प्रथा, कर, पद, हक्क कायद्याने बंद करणे. आपल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदात अस्पृश्यतेसाठी हाच शब्द योजला आहे. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गाव वतने नाहीशी झाली, तेथेही ‘ॲबॉलिशन’च आहे. वतन गेले, वेठ गेली, पण जमीन नष्ट झाली नाही. ती पुन्हा देण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. ॲबॉलिश करायला एक कायदा पुरतो.

ॲनाइहिलेट हा शब्द याहून कितीतरी पुढचा. त्याच्या पोटात लॅटिन ‘निहिल’ आहे, म्हणजे काहीच नाही. एखादी गोष्ट अशी नाहीशी करणे की तिचा मागमूस उरू नये. १९३६ सालच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषणासाठी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना बोलावले. मंडळाच्या नावात ‘तोडणे’ होते. बाबासाहेबांनी भाषणाला ‘ॲनाइहिलेशन ऑफ कास्ट’ असे नाव दिले. भाषणातला मजकूर बदलायला त्यांनी नकार दिला, मंडळाने अधिवेशन रद्द केले आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. त्यात ‘डिस्ट्रॉय’ आणि ‘डिस्ट्रक्शन’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांचा अर्थही ते स्वतःच सांगतात. जात ही काही विटामातीची भिंत नव्हे, ती माणसाच्या मनात बसलेली कल्पना आहे. म्हणून तिचा नाश म्हणजे मनातला बदल. नियमांच्या धर्माचा नाश सांगताना त्यांनी त्याच्या जागी तत्त्वांचा धर्म हवा असेही सांगितले. नुसते पाडून ते थांबले नाहीत, नवे काय बांधायचे हेही त्यांनी लिहून ठेवले.

म्हणून मुलांच्या शब्दार्थाच्या वहीत ‘डिस्ट्रॉय : नष्ट करणे’ या ओळीखाली तीन प्रश्न लिहून द्यावेत, अशी आमची सूचना आहे. काय नष्ट झाले? किती नष्ट झाले? कोणी केले? आणि आई-वडिलांनी येत्या सुटीत एक काम करावे. आजोबा-पणजोबांच्या शाळेत किंवा तहसील कचेरीत जाऊन जुन्या नोंदीची प्रमाणित प्रत आताच काढून घ्यावी. एक प्रत घरी पेटीत ठेवावी, दुसरी लेकीच्या सासरी द्यावी. एका ठिकाणी पाणी शिरले तरी दुसऱ्या ठिकाणचा कागद कोरडा राहील.